फाल्गुनात नाणेघाट : एका सावरीपाशी थांबण्यासाठी

थंडी ओसरली की भटक्यांच्या ग्रुपवरची वर्दळ मंदावते. आता एकदम मे अखेरीस काजवे, मग पाऊस, असं बहुतेकांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. मधला सह्याद्री ‘उजाड’ म्हणून सोडून दिला जातो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. फाल्गुन आणि चैत्राची सुरुवात या दिवसांत डोंगरात बघण्यासारखं जितकं असतं तितकं धुक्यातल्या पावसाळ्यातही नसतं. फक्त हे दिवस कमी चालण्याचे आणि जास्त थांबण्याचे आहेत. यंदा होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही चौघं नाणेघाटात गेलो ते वर चढून जीवधन किल्लाही करायचा म्हणून. जीवधन राहिला. त्याची हळहळ कोणालाही वाटली नाही, आणि का वाटली नाही तेच सांगायचं आहे.

वाट एका दमात सांगतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी, टोकावडे आणि वैशाखरे मागे पडल्यावर रस्त्यालगत नाणेघाटाची पाटी, तिथून मळलेली वाट, रमतगमत अडीच-तीन तास. पाणी माणशी चार लिटर. वर लेण्याजवळ टाकी आहेत, पण या दिवसांत त्यांच्या भरवशावर राहू नका.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी कोकणातून चढणारी घाटवाटच निवडतो, त्याचं कारण सावली. सह्याद्रीची भिंत आपल्या पूर्वेला उभी असते, त्यामुळे सूर्य कड्यावरून डोकावेपर्यंत पायथ्याचं रान थंड राहतं. देशावरच्या किल्ल्यावर सात वाजल्यापासून ऊन पाठीवर बसतं. इथे सकाळचा चांगला वेळ सावलीतला मिळतो. त्याची भरपाई दुपारनंतर होते. पश्चिमेचं ऊन थेट वाटेवर येतं आणि कातळ तापतो. म्हणून सकाळी चढा, दुपार लेण्यात काढा आणि शक्य असेल तर आल्या वाटेने न उतरता घाटघरकडे निघून जुन्नर गाठा. घाटघरहून जुन्नरला जाणाऱ्या एसटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती चुकली तर संध्याकाळ रस्त्यावर जाते.

रस्ता सोडून पंधरा-वीस मिनिटं आत गेल्यावर उजव्या हाताला एक काटेसावर लागली. ठाण्याकडे सावर, कोणी शेवरही म्हणतात. अंगावर एकही पान नाही, आणि फांदीफांदीला तळहाताएवढी लाल फुलं. आम्ही उजाडता उजाडता तिथे पोचलो तेव्हा खाली अजून मळभल्यासारखा उजेड होता. मग कड्यावरून ऊन आलं ते आधी झाडाच्या शेंड्यावर. वरची फुलं पेटली, खालची अजून काळपट लाल, आणि ती उन्हाची रेघ हळूहळू एकेक फांदी उतरत खाली येत राहिली. त्या रेघेबरोबर पाखरं येत होती. आधी शिंजीर, मग लालबुड्या बुलबुलांच्या जोड्या, मग साळुंक्या आणि टकाचोर. सगळ्यात वरच्या फांदीवर कोतवालाने ठाण मांडलं आणि जवळ येईल त्याला पिटाळायला सुरुवात केली.

सावरीच्या फुलात मध पातळ असतो आणि भरपूर असतो. शिंजिरासारख्या मधावरच जगणाऱ्या पाखरांनाच नाही, तर एरवी किडे आणि फळं खाणाऱ्यांनाही तो सहज पिता येतो. म्हणून ज्या जाती एरवी एकत्र दिसत नाहीत त्या इथे एकाच फांदीवर दिसतात. झाडाने पानं गाळलेली असतात याचाही फुलांना फायदाच होतो. लांबून लाल रंग दिसतो, आणि जवळ आल्यावर फुलापर्यंत पोचायला आडकाठी राहत नाही. पिणाऱ्याचं तोंड पुंकेसरांच्या झुबक्यात घुसतं आणि तो परागकण घेऊन दुसऱ्या फुलावर जातो. दुर्बिणीतून नीट पाहिलंत तर बुलबुलाच्या काळ्या तोंडावर परागाची पूड दिसते. ती दिसली तेव्हा आमच्यातल्या एकाने दुर्बीण अर्धा तास खाली ठेवली नाही.

मग भोरड्या आल्या. अंगाने गुलाबी, डोक्याने काळ्या, आणि आवाजाने अख्खं रान भरून टाकणाऱ्या. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेले हे थवे एप्रिलच्या सुमारास परत निघतात. थवा झाडावर उतरला तसा कोतवालाचा नाइलाज झाला. किती जणांच्या मागे लागणार? भोरड्यांच्या धसमुसळेपणाने फुलं खाली पडू लागली. सावरीचं फूल पाकळी पाकळी करून झडत नाही, अख्खं पडतं, आणि सुक्या पाचोळ्यावर थप्प असा जड आवाज येतो. तो आवाज मोजत आम्ही बसून राहिलो. एक खार खाली पडलेलं फूल दोन्ही हातांत धरून आतलं खात होती.

डोक्यावर पाचोळ्याचा भारा घेतलेली एक आजी तिथूनच खाली निघाली होती. भाताच्या वाफ्यावर पाला, फांद्या आणि शेण पसरून जाळायचं, म्हणजे तणाचं बी मरतं आणि रोपं जोमाने येतात. त्या राबाची ही जमवाजमव. ती थांबली.

“वाट चुकलात का रं पोरांनो?”

“नाही आजी, पाखरं बघतोय.”

“मग वर कशाला जाता? पाखरं इथंच हायेत.” आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाली, “सांजला भेकर येतंय फुलं खायाला. पण गप बसायला पायजे.”

भेकर दिसलं नाही, कारण संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. पण झाडाखालच्या मातीत त्याच्या खुरांचे बारीक ठसे होते. आजीने सांगितलं नसतं तर आम्ही ते तुडवून गेलो असतो.

थांबायचं कसं, तेही सांगतो. झाडापासून तीस-चाळीस पावलं लांब, एखाद्या खोडाला पाठ टेकून बसा. भडक कपडे नकोत. पहिली दहा मिनिटं काहीच घडणार नाही, कारण तुम्ही आल्यामुळे सगळे उडालेले असतात. उठू नका. मध सकाळी जास्त असतो. दहानंतर गर्दी पांगते आणि तुम्हीही वाटेला लागू शकता. बसण्याआधी मात्र झाडाकडे नीट वर पाहा. उंच सावरीवर आग्या मोहोळ असण्याची शक्यता पुष्कळ असते. काळसर पोळं लटकताना दिसलं तर तिथून गुपचूप निघा.

हीच काळजी वर घाटमाथ्यावर, ‘नाण्याचा अंगठा’ म्हणतात त्या कड्याजवळही घ्यायची. हे दिवस आग्या मोहळांचे आहेत, आणि माश्या उठल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. डोकं आणि तोंड कापडाने झाकून दाट झुडपांच्या दिशेने पळा. नांगीचा वास इतर माश्यांना बोलावतो, म्हणून लांब गेल्यावर नांगी नखाने खरवडून काढा. कड्याच्या टोकाजवळ असाल तर पळण्याआधी पाय कुठे पडतोय ते बघा.

सावरीच्या पुढची वाट आम्ही अगदी सावकाश चढलो, आणि एकदा नजर बसल्यावर प्रत्येक वळणावर काहीतरी होतं. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. वास जुईची आठवण करून देणारा. फळ मे महिन्यात खायचं, पण जाळी शोधून ठेवायची ती आता, वासावरून. एका झाडाची फुलं म्हणून आम्ही ज्या लाल रंगाकडे बोटं दाखवत होतो ती निघाली कुसुंबाची पालवी. कोवळ्या पानात हरितद्रव्य यायचं असतं तोवर लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून सांभाळतं. सगळं रान वाळलेलं असताना, पाऊस दूर असताना हे झाड नवी पानं काढतं, म्हणजे पावसाला सुरुवात होईल तेव्हा पानं तयार असतात. वाटेकडेच्या भुसभुशीत मातीत शंकूच्या आकाराचे छोटे खड्डे होते, आणि त्यांच्या तळाशी मातीत दडलेली अळी मुंगीची वाट बघत होती. गवताच्या काडीने कड हलवली की ती खालून माती उडवते. लहान मुलं बरोबर असतील तर इथे पाऊण तास धरून ठेवा. तांबट सगळ्या वाटेवर ऐकू आला, मिनिटाला शंभराहून जास्त ठोके, एका लयीत. आणि दिसला तो वाळक्या फांदीतल्या भोकातून डोकं बाहेर काढताना.

लेण्यात पोचेतो ऊन चढलं होतं. इतिहास थोडक्यात: सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नर, पैठणकडे जात होता. राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख भिंतींवर आहे, त्यात यज्ञ आणि दानाच्या गायी-घोड्यांचे आकडे कोरलेले आहेत. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे गेले, त्यांची नावं राहिली. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. लेखाला हात लावू नका, खडूने अक्षरं ठळक करू नका.

याच घाटाच्या माथ्यावर पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला माणसांची रीघ लागते. ती गर्दी मागे काय टाकून जाते ते मार्चमध्ये कळतं. झाडांनी पानं गाळली की झुडपांत अडकलेले फाटके रेनकोट, नूडल्सची पाकिटं, बाटल्या सगळं उघडं पडतं. आम्ही चौघांनी आणलेल्या पिशव्या भरल्या, तरी बरंच राहिलं. ज्यांना डोंगरात स्पीकर लागतो त्यांनी डोंगरात येऊ नये, एवढं स्पष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही. आणि वर्षात किती किल्ले केले याची यादी मांडणाऱ्याला मी खरा ट्रेकर मानत नाही. ज्याला वाटेवरच्या पाच झाडांची नावं गावातल्या माणसाकडून कळली आहेत, तो माझ्या लेखी खरा.

वणव्याबद्दल निक्षून सांगतो. या दिवसांत गवत कागदासारखं पेटतं. राब शेतात, राखण ठेवून जाळतात. वणवा पेटला की तो कोणाचाच राहत नाही. वाटेत सिगारेट नाही, चूल नाही, चहा घरून थर्मासमध्ये आणायचा. धूर दिसला तर वर न चढता उताराच्या दिशेने, जाळरेषेकडे किंवा मोकळ्या कातळाकडे जा आणि गावात कळवा.

नाणेघाट जमला नाही तरी हे दिवस वाया घालवू नका. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सावर आणि पळस दोन्ही मिळतात. पुण्यात एखाद्या टेकडीवर सकाळी साडेसहाला जाऊन तांबट शोधता येतो. मार्चच्या शेवटाकडे महाबळेश्वर आणि भीमाशंकरकडे अंजन फुलतो: निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके थेट फांदीला चिकटलेले. हा बहर थोडे दिवसच टिकतो आणि दरवर्षी मागेपुढे होतो, म्हणून तारीख धरून जाऊ नका. तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करा, आणि तो ‘फुललाय’ म्हणाला की त्याच शनिवारी निघा.