मावशीची बाग

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी छत्रपती संभाजीनगरला पुंडलिकनगरात मावशीकडे गेलो होतो. तिच्या दारापुढे दोन खाटा मावतील एवढीच बाग आहे. एके दिवशी माझी तीन वर्षांची मावसबहीण बिट्टीचे फळ तोंडात घालणार, तोच मावशीने ते हिसकावले. मावशी तर रडायलाच लागली.

मला नवल वाटले. आमच्या गल्लीत मुले बिट्ट्यांनी खेळतात! काका म्हणाले, "अरे, बिट्टी अन् कण्हेर दोन्ही विषारी. पान, फूल, बी, चीक सगळेच. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. चुकून पोटात गेले तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा."

मग आम्ही बिट्टी मुळासकट काढली. तिथे झेंडू, मोगरा, जास्वंद लावले. निवडुंगाची कुंडी उंचावर ठेवली. जायकवाडीचे पाणी नळाला रोज येत नव्हते, म्हणून अंगणात हौद होता. त्याला झाकण व कडी बसवली. धाकटीसाठी फुटक्या माठात मेथी पेरली. चार दिवसांत ती उगवली. धाकटी पेल्याने पाणी घालायची आणि टाळ्या वाजवायची.

गावी आलो तर आमच्याच कुंपणाला कण्हेर! मी लगेच बाबांना सांगितले. मित्रांनो, आज घरी गेल्यावर तुम्हीही आपले अंगण नीट बघा.