आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

जुन्या ॲम्बॅसॅडरवाल्यांना गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या हवेत त्याची गरजच नाही." माझ्या मार्क-४ चा थर्मोस्टॅट आधीच्या मालकाच्या काळात असाच काढला गेला होता. कारण काय, तर गाडी घाटात तापते. माझ्याकडे आली तेव्हाही ती घाटात तापतच होती!

वर नवी दुखणी जडली होती. सकाळी चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागे. सपाट रस्त्यावर टेम्परेचरचा काटा जेमतेम हलायचा आणि पेट्रोल मात्र सपाटून जायचं. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळट, लोण्यासारखा थर. हेड गास्केट गेल्यावरही असा थर येतो, म्हणून ते आधी तपासून घेतलं. ते शाबूत होतं. इंजिन पुरेसं गरमच होत नसल्यामुळे आतली वाफ उडून न जाता ऑइलमध्ये मिसळत होती. अशा ऑइलवर चालणारं इंजिन लवकर झिजतं.

या १४८९ सीसी इंजिनात थर्मोस्टॅट हेडच्या पुढच्या टोकाला, तीन नटांच्या झाकणाखाली बसतो. त्यात मेणाची छोटी डबी असते. पाणी साधारण ८२ अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जवळपास जातच नाही. थोडक्यात, इंजिन फार गार राहू न देणं हे थर्मोस्टॅटचं काम. फार तापू न देणं हे रेडिएटर, पंखा आणि पंपाचं. झडप पूर्ण उघडली की पुढचं त्याच्या हातात नसतं.

माझ्या गाडीचा खरा रोग रेडिएटरमध्ये निघाला. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरल्यामुळे नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. गरम इंजिन बंद करून जाळीवर हात फिरवला, तर मधला पट्टा गारच लागला. रॉडिंग करून घेतलं, त्यानंतर कूलंट भरलं आणि घाटातलं तापणं थांबलं.

नवा थर्मोस्टॅट मात्र तपासल्याशिवाय बसवू नका. मी आणलेला पहिला नग उकळत्या पाण्यातही उघडला नाही; तसाच बसवला असता तर इंजिन जाम व्हायची वेळ आली असती. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका आणि शेजारी थर्मामीटर धरा. नगावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला ठेवा आणि गास्केट नवं लावा. उष्ण हवेसाठी ७४ अंशांचाही मिळतो, पण बुजलेल्या रेडिएटरवर तो उपाय नव्हे.

रस्त्यात काटा लाल पट्ट्यात गेला तर इंजिन बंद करा, रेडिएटरचं झाकण उघडू नका. वरचा होज जपून चाचपा. तो गार लागला तर थर्मोस्टॅट अडकल्याची शंका घ्या. दोन्ही होज कढत असतील तर दोष बहुधा दुसरीकडे आहे.

आणि मेकॅनिकने त्या तीन नटांना पाना लावण्याआधी त्याला रेडिएटर तपासायला सांगा.