आजीचे हाड का मोडते?

खेळताना तुम्ही पडता आणि उठून पळता. आजी मात्र ओल्या न्हाणीत नुसती घसरली, तरी तिच्या खुब्याचे हाड मोडू शकते. असे का?

हाड सजीव असते. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही नवे रचतात. म्हातारपणी रचना मागे पडते. हाड विरळ व ठिसूळ होते. हीच अस्थिसुषिरता.

परभणीकडे रोजची भाकरी ज्वारीची. 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 30 मिलिग्रॅम. तिळात मात्र हजाराच्या घरात! म्हणून भाकरीबरोबर तिळाची चटणी, ताक हवे. उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. त्यावाचून कॅल्शियम नीट शोषले जात नाही.

हाडांचा साठा तिशीपर्यंतच वाढतो, तेव्हा भरपूर खेळा. आजीला रोज फिरायला न्या आणि न्हाणीतले शेवाळ आजच घासून काढा.