अंगणात पडून राहिलेली गाडी

गावातील घराची स्वच्छता म्हटली म्हणजे सडासंमार्जन, केरकचरा व उकिरडा एवढ्याच गोष्टी आपल्यापुढे उभ्या राहतात. यांविषयी आजवर पुष्कळ सांगितले गेले आहे व पुष्कळ घरी ते पाळलेही जाते. परंतु जिला केरसुणी लागू पडत नाही अशी एक वस्तू खेड्याखेड्यांत वाढली आहे. ती म्हणजे बंद पडलेली मोटारगाडी. गोठ्यामागे चाके नसलेली जीप, बाभळीखाली अर्धा मातीत रुतलेला ट्रॅक्टरचा सांगाडा, भिंतीला टेकविलेल्या दोनतीन मोटारसायकली, छपरावर टाकलेले टायर, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा वाचक विरळा. अशी गाडी दुर्गंध सोडीत नाही, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. तिच्यापासून काय होते, ती का हलत नाही व ती कशी हलवावी, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

प्रथम पाण्याची गोष्ट घेऊ. डेंग्यूचा ताप ज्याच्या चावण्याने येतो तो एडिस जातीचा डास गटाराच्या घाण पाण्यात सहसा वाढत नाही. त्यास भांड्यात वा खळग्यात साचलेले बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. पावसाचे असे पाणी टायरच्या आतील पन्हळीत जितके सुरक्षित राहते तितके क्वचितच दुसरीकडे राहते. तेथे ऊन पोचत नाही, आणि टायर कितीही उलटा केला तरी थोडे पाणी आत उरतेच. मादी पाण्याच्या रेषेलगत ओलसर कडेवर अंडी घालते. ती अंडी पाणी आटल्यावरही अनेक महिने जिवंत राहतात व पुढच्या पावसाचे पाणी लागताच फुटतात. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा टायर निर्दोष आहे असे मानणे म्हणूनच चुकीचे होय. उबदार दिवसांत अंड्यापासून उडता डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास आरोग्यसेवक सांगतात त्याचे कारण हेच. त्या दिवशी पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही, भांड्याची कड घासलीही पाहिजे. हा डास दिवसा चावतो व जन्मल्या जागेपासून फार दूर जात नाही; तेव्हा ज्याच्या परसात टायर आहेत त्याच्याच लेकरांस व शेजाऱ्यास तो प्रथम गाठतो.

दुसरी गोष्ट याहून भयंकर आहे. मुलांना जुनी गाडी म्हणजे खेळघर. ती चाकापाशी बसतात, मागच्या डिकीत लपतात. अशा गाडीचे आतले कडीकोयंडे मोडलेले असतात, काच खाली घेण्याचा दांडा नसतो. दार बाहेरून उघडते, आतून उघडत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील उष्णता दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने चढू शकते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या मानाने फार लवकर तापते. आई शेतात, आजी ओसरीवर निजलेली, अशा दुपारी मूल हाक मारील तरी ती कोणास ऐकू जावी? म्हणून ज्या घरधन्यास गाडी आजच हलविणे शक्य नाही त्याने निदान दारांना व डिकीला कुलपे घालावी, किंवा दारे उतरवून ठेवावी. दगडांवर उचलून ठेवलेली गाडी असेल तर ती खाली जमिनीवर बसवावी. पावसात दगडाखालची माती खचते व गाडी कोणावर पडेल याचा नेम नसतो.

साप, विंचू व उंदीर यांविषयी खेड्यातील मनुष्यास शिकविण्याची गरज नाही. उंदीर आसनातील काथ्यात घर करितात आणि त्यांच्या मागोमाग नाग, घोणस वा मण्यार येते. बॅटरीत शिसे व गंधकाम्ल असते. ती फुटली म्हणजे शिसे मातीत उतरते व लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. ती विकत घेणारा दुकानदार तालुक्याच्या ठिकाणी असतो, मग ती घरी ठेवण्याचे प्रयोजन काय? जुने टायर थंडीत शेकोटीस किंवा शिमग्यात होळीस देण्याची चाल मात्र सर्वथा सोडावी. तो धूर विषारी आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एवढे असूनही गाडी का हलत नाही? आळस हे उत्तर सोपे आहे, परंतु आमच्या मते ते बहुधा खरे नाही. पुष्कळ वेळा ती गाडी वडिलांनी घेतलेली असते. वडील गेले, भाऊ वेगळे झाले, जमिनीची वाटणी झाली, गाडीची झाली नाही. एकाने ती विकली तर दुसरा विचारील की पैसे कोठे गेले. म्हणून चौघे भाऊ तिच्याभोवतीने जातात येतात व कोणी तिला हात लावीत नाही. दुसऱ्या एखाद्या घरी तिच्यावर कर्ज असते, आणि ती डोळ्यांपुढून गेली तर कर्ज मात्र उरेल, हे धन्यास सोसवत नाही. कोठे पुढील सुगीनंतर ती दुरुस्त करू अशी आशा असते. अशा कितीएक सुगी निघून जातात. तिचा उपयोग संपला, परंतु धनीपण संपले नाही, हे आपण ध्यानात घेत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात ज्याने खड्डा खणून उघडा टाकला त्याच्यावरच त्यात पडलेल्या बैलाची वा गाढवाची भरपाई ठेविली आहे. खड्ड्याचा त्यास काही उपयोग होता की नाही हे तेथे विचारलेले नाही.

यास्तव उपदेशकाने अशा घरी जाऊन एकदम ‘ही घाण काढा’ असे म्हणू नये. त्या घरास ती घाण नव्हे. ‘दादा, तुमच्या वडिलांच्या कष्टाची ही गाडी; तिची अशी दशा पाहवत नाही. चौघे भाऊ बसून तिचे काय करायचे ते ठरवाल का? मी त्या वेळी येऊन बसतो,’ अशा रीतीने बोलावे. भाऊ बसले म्हणजे आलेल्या रकमेचे काय करावयाचे हे गाडी विकण्यापूर्वीच कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. भंगाराचे पैसे थोडे असतात, परंतु थोड्या पैशांवरून झालेले तंटे आपण सर्वांनी पाहिले आहेत.

नंतर सरकारी कागद. गाडी कायमची निरुपयोगी झाली तर धन्याने चौदा दिवसांच्या आत किंवा होईल तितक्या लवकर प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवून नोंदणीपत्र परत करावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये सांगितले आहे. हे न करिता भंगारवाल्यास गाडी दिली तर गाडी नाहीशी होते, परंतु नंबर आपल्याच नावावर राहतो; आणि तो नंबर किंवा सांगाड्यावरील आकडा दुसऱ्या गाडीवर चढवून कोणी अपराध केला, तर शिपाई प्रथम आपलेच दार ठोठावील. २०२१ च्या नियमांनी नोंदलेली वाहन मोडणी केंद्रे निघाली आहेत. तेथे गाडी दिल्यावर जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, ते जपून ठेवावे. बँकेचे कर्ज नोंदीत असेल तर आधी बँकेचा ना हरकत दाखला लागतो, व धनी मयत असेल तर वारसांचे कागद. हे काम एका खेपेत होत नाही. लिहितावाचता येणारा एखादा तरुण सोबत द्यावा.

गाडी घरीच कापण्याचा मोह कोणी धरू नये. पेट्रोलची रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची असते, कारण तीत वाफ व हवा मिसळलेली असते, आणि एक ठिणगी पडताच ती स्फोट पावते. रिक्षेतील गॅसची नळकांडी तर जाणत्या कारागिरावाचून कोणी सोडूच नये.

गाडी अंगणात नसून रस्त्यावर टाकलेली असेल तर गोष्ट निराळी. सार्वजनिक जागी दहा तास बेवारस उभी असलेली गाडी हलविण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम १२७ ने पोलिसांस दिला आहे, व गावरस्त्यावरील अडथळा काढण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीस आहे. तथापि शेजाऱ्याशी बोलण्यापूर्वी पंचायतीकडे अर्ज देणे आम्हांस बरे वाटत नाही.

परसात फिरताना उपदेशकाने आणखी एक गोष्ट पाहावी. पाणी न लागलेली कूपनलिका लोक पोत्याने झाकून ठेवितात. २००६ साली हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा एक मुलगा अशा छिद्रात पडला व सुमारे दोन दिवसांनी सुदैवाने जिवंत निघाला. त्यानंतर पडलेली कितीएक मुले निघाली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशी कूपनलिका तळापासून वरपर्यंत माती, वाळू वा दगडगोट्यांनी भरून काढावी असा आदेश दिला आहे. पोते हे झाकण नव्हे.

गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावे झाडली, व २००० साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. त्यात पुष्कळ गावांचे रस्ते चांगले झाले. परंतु पाहणी करणारे पाहुणे समोरच्या अंगणात हिंडतात. परसात कोण जातो?

मंडळीच्या आवारापासून आरंभ करणे हे सर्वांत उचित. पुष्कळ ठिकाणी मंदिराच्या मागे एखादी जुनी जीप उभी असते. ती सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नसते. पंचांनी बैठक भरवून विश्वस्तांचा लेखी ठराव घ्यावा, भंगाराची रक्कम जमाखर्चात नोंदवावी, आणि रोहिणीचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी, म्हणजे मे महिना सरण्याच्या आत, ती जागा मोकळी करावी. जीप निघाल्यावर तेथे खिळे, काचांचे तुकडे व तेलाने काळी झालेली माती राहते. खिळे व काचा वेचून काढल्यावाचून आणि वरची वीतभर माती उकरून नेल्यावाचून त्या जागी मुलांस खेळू देऊ नये.