दाराआडचा लेहरा

तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार सारखीच असते. मुलगा जेवण उरकून आत जातो, दार लावून घेतो आणि आतून एकच तुकडा वाजत राहतो. आठ-दहा सेकंद वाजतो, थांबतो, पुन्हा तोच. "बाई, कॅसेट अडकल्यासारखं होतं हो. याला संगीत म्हणायचं?" मी वांद्रे पूर्वेला पेटी आणि कीबोर्ड शिकवते. इथल्या सरकारी वसाहतीतली घरं मला माहीत आहेत. आतल्या खोलीत कुणी वाजवत असेल तर बाहेरच्या खोलीत डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा तक्रार खरीच आहे. पण दाराआड काय चाललंय, त्याबद्दल जरा निवांत बोलू या.

चार-पाच मित्रमैत्रिणी मिळून एक व्हिडिओ गेम करताहेत. कंपनी नाही, पगार नाही, निव्वळ हौस. एक जण चित्रं काढतो, एक जण प्रोग्राम लिहितो, कथा तिसरीकडे शिजते आणि संगीत तुमच्या घरात होतंय. कथा बहुधा शापित किल्ला, बोलणारा पक्षी, हरवलेला राजपुत्र अशी अद्भुतातली. तिला नाकं मुरडू नका. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही कादंबरी 1913 सालची आहे आणि मराठी घरांनी ती मिटक्या मारत वाचली आहे. फरक इतकाच, की इथे वाचक नुसता वाचत नाही, स्वतः वीरधवल होऊन हिंडतो. या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, मुलांच्या तोंडी ‘आरपीजी’.

हे हिंडणंच संगीतकाराच्या मुळावर येतं. गाणं साडेतीन-चार मिनिटांत संपतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत करणाऱ्याला दृश्य किती सेकंदांचं आहे ते आधी माहीत असतं. गेममध्ये खेळणारा गावातून वीस सेकंदांत निघून जाईल की अर्धा तास तिथल्या विहिरीत डोकावत बसेल, कोण सांगणार? तो असेपर्यंत सूर चालू हवेत. म्हणून दीड-दोन मिनिटांचा तुकडा असा बांधावा लागतो, की तो संपला कधी आणि फिरून सुरू झाला कधी, हे कानाला कळू नये. गावाचा एक, जंगलाचा एक, लढाईचा वेगळा, धर्मशाळेचा वेगळा.

आपल्याकडे हे काम नवीन नाही. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला कधी गेला असाल तर लेहरा धरणारा पेटीवाला आठवून बघा. तीनतालाची सोळा मात्रांची एक ओळ, आणि तासभर तीच. तबलजी पेशकार, कायदे, रेले करत दूरवर जाऊन येतो. लेहरा आपली जागा सोडत नाही. तो फार गोड झाला तर लोकांचं लक्ष तबल्यावरून उडतं, नीरस झाला तर कान किटतात. या दोन्हींच्या मधली ओळ सापडणं किती अवघड, ते साथ केलेल्यालाच ठाऊक. तुमचा मुलगा आत बसून लेहराच बांधतोय. फक्त त्याचा तबलजी म्हणजे कुणीतरी अनोळखी खेळाडू, आणि तो समेवर कधी येईल याची काही शाश्वती नाही.

आता त्या अडकलेल्या कॅसेटबद्दल. तुकड्याच्या शेवटच्या सुराची आस विरायच्या आत फाइल संपली, तर सांध्यावर ठेच लागते. ती आस पुढे नेऊन सुरुवातीच्या सुरांखाली बसवावी लागते. त्यात एमपीथ्री फाइलच्या तोंडाशी बारीकशी शांतता येते, तीही फेरी मोडते. म्हणून ही मुलं ओजीजी नावाची फाइल वापरतात. आरपीजी मेकर या जपानी सॉफ्टवेअरवर असे खूपसे हौशी गेम होतात. त्यात सुरुवातीचे सूर एकदाच वाजावेत आणि पुढचाच भाग फिरत राहावा, अशी खूण संगीताच्या फाइलमध्ये लिहिता येते. तुम्हाला रात्री साडेदहाला ऐकू येतो तो बहुतेक वेळा हा सांधाच. तो जुळेपर्यंत मूल झोपायला तयार नसतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. घरातल्या बाकीच्यांना आवडावं असा माझा आग्रह नाही. साडेदहानंतर हेडफोन, एवढा नियम जरूर करा.

माझी एक विद्यार्थिनी अशाच गेमसाठी संगीत करत होती. गावातल्या देवळाच्या घंटेसाठी तिनं आजीच्या पूजेतली घंटा पंखा बंद करून, कुकर उतरल्यावर, रिक्षांचा आवाज जरा ओसरल्यावर फोनवर रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरवर दोन सप्तकं खाली उतरवली. मग भुयार आलं. त्यासाठी काय घ्यावं म्हणून ती अडली होती. शेवटी तिनं मारव्याचे सूर घेतले आणि षड्ज जवळजवळ येऊच दिला नाही. मारव्यात षड्ज दूर ठेवतात, ऐकणाऱ्याला घर सापडत नाही. अंधारात वाट चुकलेल्या माणसासाठी याहून नेमका राग कुठला? हा मारवा तिला मी परीक्षेसाठी घोटून घेतला होता, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कंटाळ्याखेरीज काही नव्हतं. रागाची वेळ, रागाचा स्वभाव हे सगळं आपण वर्गात बोलतो आणि मुलं वहीत उतरवून घेतात. भुयाराला मात्र वही चालत नाही. परीक्षेचं घोडं यामुळे अडतंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

घरच्यांना संगीत खटकणं नवं नाही. स्टेशन ओलांडून पश्चिमेला कार्टर रोडवर संगीतकार नौशादसाहेबांचा ‘आशियाना’ बंगला. त्या रस्त्याला आता त्यांचंच नाव आहे. लखनौच्या त्यांच्या घरी संगीताला सक्त विरोध होता. ते स्वतः सांगत, की त्यांच्या लग्नात बँडवाले 1944 च्या ‘रतन’मधली त्यांचीच गाणी वाजवत होते आणि सासरच्या मंडळींना मात्र ‘मुलगा मुंबईत शिंपी आहे’ असं सांगितलेलं होतं. आपण हसतो. पण पाहुण्यांसमोर "तो कॉम्प्युटरचं काहीतरी करतो" असं म्हणून विषय बदलणारे आईबाप मी पाहिले आहेत, आणि तेव्हा मूल तिथेच बसलेलं असतं.

"याचं पुढे काय होणार?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. माझं उत्तर फार आशादायक नाही. ‘फायनल फँटसी’ या 1987 च्या जपानी गेमचे संगीतकार नोबुओ उएमात्सू कुठल्याच संगीतशाळेत गेले नव्हते. त्या वेळच्या यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या, त्यातही धड सुराच्या तीन. तेवढ्यात त्यांनी राज्यं उभी केली. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे कोइची सुगियामा 1986 मध्ये या कामाला लागले तेव्हा पंचावन्नचे होते, आधी टीव्ही आणि जाहिरातींचं संगीत करत. त्या गेमसाठी त्यांनी रचलेली सुरावट 23 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला वाजली. पण जपानमध्ये या कामाला बाजार होता. आपल्याकडे तो अजून लहान आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा देखणा गेम काढला, जगभर त्याचं नाव झालं. संगीत मात्र लिनोस त्झेलिओस या ग्रीक संगीतकाराचं. त्यांनी ते मनापासून केलं आहे. तरी मला चुटपुट लागलीच. इथल्या हार्मोनियमच्या वर्गांतून, चर्चच्या गायकवृंदांतून असा एखादा माणूस पुढे आला असता, तर किती बरं झालं असतं. तेव्हा मुलाला शिक्षण सोडून यात उडी घे असं मी कधीच सांगत नाही. शिक्षण चालू ठेव आणि हेही चालू ठेव, एवढंच सांगते.

तुमच्याकडून मला एक हवंय. दाराबाहेरून ऐकू नका. आत जा, खुर्ची ओढा आणि म्हणा, "मला खेळून दाखव." नाहीतर स्वतःच हातात घ्या, पहिल्या दोन मिनिटांत मराल, मुलं मनापासून हसतील. मग विचारा, हा तुकडा कुठे वाजतो? लढाई संपल्यावर इथे शांतता का ठेवलीस? ही धून मघाशी गावात होती, इथे इतकी संथ का? या संगीताचं बरंवाईट त्याच्या जागीच ठरतं. जेवणाच्या टेबलावर फोनवरून ऐकवलं तर ते उगाचच बिचारं वाटतं. "रहमानसारखं काही कर" हे मात्र म्हणू नका. आणि "यात शब्द का नाहीत?" हेही नको.

काही बाबतीत मात्र तुम्ही लक्ष घालायलाच हवं. पहिलं कानांचं. हेडफोनच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादा मोठ्यांना 80 डेसिबल आणि मुलांना 75, तीही आठवड्याला 40 तासांपुरती. सांधे जुळवताना मुलं नकळत आवाज वाढवत नेतात. दुसरं कागदाचं. धून रचली त्या क्षणी ती रचणाऱ्याची होते, नोंदणीची सक्ती नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरतात. अठराच्या आतल्या मुलाचा करार कायदा मानत नाही, म्हणून "हे सही करून पाठव" असा निरोप आला तर आधी तुम्ही वाचा. मित्रामित्रांतही चार ओळी लिहून घ्याव्यात: गेम फुकट वाटला तर काय, विकला गेला तर काय, आणि श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं येणार.

नावाबद्दल मी जरा हट्टी आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी आयुष्यं घातली, पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तलं नायकाचं गाणं गुरूच्या नावावर बेतलं गेलं, तेव्हा ते नाव देशभर पोचलं. तेही एक गमतीचं पात्र म्हणून.

आणि एक सांगून ठेवते. तुमच्या मुलांचा हा गेम बहुधा पुरा होणार नाही. बारावी येईल, चित्रं काढणारा पुण्याला जाईल, प्रोग्रामवाल्याला दुसरं वेड लागेल. तेव्हा "बघ, वर्ष फुकट गेलं" असं म्हणू नका, कारण गेम बुडाला तरी धून बुडत नाही. टोबी फॉक्स या अमेरिकन मुलानं 2008 मध्ये दुसऱ्याच्या जुन्या गेमवर हौसेनं केलेल्या एका हॅलोविन आवृत्तीसाठी ‘मेगालोव्हेनिया’ नावाची धून रचली. तीच पुढे त्यानं आपल्या 2015 च्या ‘अंडरटेल’मध्ये वापरली. जानेवारी 2022 मध्ये व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलाकारांनी कसरती केल्या, त्या याच धुनेवर. माउंट मेरीच्या उतारावर राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीला हे सांगितलं तेव्हा त्यांनी नातवाच्या खोलीचं दार पहिल्यांदा आपणहून उघडलं. पोपमुळे का होईना.

म्हणून तयार फाइलबरोबर तिची मूळ प्रोजेक्ट फाइलही, ज्यात प्रत्येक वाद्य वेगवेगळं असतं, तारीख घालून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायला लावा. लॅपटॉप फॉरमॅट करायला दुकानात द्यायच्या आधी.