सागराकाठचे स्मारक

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. आमचे मोटारीत होते! निजण्याची फळी, चूल, पाण्याची टाकी असे सारे घरच आमच्याबरोबर धावत होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्याने, टॉर्की गावाहून, आम्ही पश्चिमेस निघालो. उजवीकडे उंच कडे, डावीकडे गर्जणारा सागर, आणि मधून नागमोडी रस्ता!

वाटेत एक लाकडी कमान लागली. तिच्याजवळ काम करणाऱ्या सैनिकांचे पुतळे आहेत. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बहुतांशी कुदळ-फावड्यांनी, हा सुमारे २४० किलोमीटरांचा मार्ग तयार केला. रणात पडलेल्या सोबत्यांचे हे स्मारक होय.

पुढे समुद्रात चुनखडीचे प्रचंड सुळके दिसले. ‘बारा प्रेषित’ हे त्यांचे नाव. परंतु मोजू जाता ते बारा भरत नाहीत. लाटांनीच किनारा पोखरून ते घडविले, आणि २००५ साली त्यांतील एक लाटांच्या माऱ्यानेच कोसळला.

आम्ही दोन दिवसांत, सुखाने पार केलेला हा मार्ग बांधण्यास त्या सैनिकांना तेरा वर्षे लागली होती. हे ध्यानी येताच आमचे मस्तक आपोआप लवले.