घशाचा कॅन्सर: रिपोर्ट येईपर्यंत कुठे खर्च करावा, कुठे थांबावं

आवाज तीन आठवडे बसलेला, गिळताना टोचतं, मानेला गाठ लागते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा काढला आणि म्हणाले, रिपोर्ट येऊ द्या. पुढचे आठ-दहा दिवस आजारी माणसापेक्षा त्याच्या जोडीदाराला जड जातात. रात्री झोप नाही, दिवसा जो जे सांगेल त्यामागे धावाधाव. पैसा वाया जातो तो याच दिवसांत. मोफत उपचारांची कागदपत्रं जमवायलाही हेच दिवस हाताशी असतात. म्हणून आधी कागद, मग पैसा.

खाजगीतले दर ढोबळमानाने असे: कान-नाक-घसा तज्ज्ञांची फी 500 ते 1,200 रुपये, दुर्बिणीची तपासणी 1,500 ते 3,000, मानेच्या गाठीत सुई घालून केलेली तपासणी 800 ते 2,000. भूल देऊन तुकडा काढायचा तर एका दिवसाच्या ॲडमिशनसह 20 ते 50 हजार. मानेचा सीटी स्कॅन 4 ते 8 हजार, एमआरआय 7 ते 12 हजार, पेट स्कॅन 10 ते 25 हजार. पिंपरीत संत तुकाराम नगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम, आहे. पुण्यात ससून आहे. तिथे यातल्या बऱ्याच तपासण्या फार कमी पैशात होतात, रांग मात्र धरावी लागते.

पेट स्कॅनची घाई करू नका. स्वरयंत्रातली लहान, सुरुवातीची गाठ असेल तर त्याची बहुधा गरजच पडत नाही. सीटी मात्र काही वेळा बायोप्सीच्या आधीच सांगतात, कारण तुकडा काढल्यावर सूज येते आणि चित्र नीट दिसत नाही. कोणतीही महागडी तपासणी लिहून दिली की दोनच गोष्टी विचारा: हिच्यामुळे उपचार बदलणार आहे का, आणि पुढे जिथे उपचार घेऊ ते हॉस्पिटल ती मान्य करेल का? एकच स्कॅन दोन ठिकाणी दोनदा काढावा लागणं हा या आजारातला सगळ्यात टाळता येण्याजोगा खर्च आहे. स्कॅनची फक्त फिल्म नको, सीडीही मागून घ्या.

काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या छोट्या डबीत घालून अनेकदा नातेवाइकाच्याच हातात देतात, लॅबला पोचवायला. डबीवरचं नाव, वय, तारीख आणि तुकडा कुठून घेतला हे तिथेच वाचून पाहा. लॅब त्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक बनवते आणि त्याच्या काचपट्ट्या करते. दुसऱ्या हॉस्पिटलला जायचं ठरलं तर रिपोर्टसोबत ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. बहुतेक वेळा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही, त्याच तपासल्या जातात. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आता कागद. चाकण, भोसरी, तळवड्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी पहिल्यांदा पगाराची स्लिप काढावी. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू होते. मर्यादा पाहताना ओव्हरटाइम धरत नाहीत. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. कापलेला पैसा खरंच भरला आहे का, हे आपल्या विमा क्रमांकावरून ईएसआयच्या पोर्टलवर तपासा. बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव कुटुंबाच्या यादीत नसेल तर आजच घाला. नाव आणि हप्ते पक्के असले की चिंचवडच्या मोहननगरातल्या कामगार विमा रुग्णालयातून पुढे पाठवण्याची वाट मोकळी होते. मोठ्या उपचारांसाठी ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले लागतात, तेही तिथेच विचारून घ्या. आजारी माणूस स्वतःच विमाधारक असेल तर आजारपणात 70 टक्के पगार 91 दिवसांपर्यंत मिळू शकतो. कॅन्सरसारख्या आजारात, सलग दोन वर्षांची नोकरी असेल तर, 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. खाडे पडून घर अडतं, तेव्हा हा आधार मोठा असतो.

ईएसआय नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना. आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड बीडचं, लातूरचं, यवतमाळचं असलं तरी चालेल. अडचण निराळीच असते: लग्नानंतर बायकोचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं, किंवा आधारवर आणि रेशनकार्डावर नाव वेगवेगळं असतं. ही दुरुस्ती आजच सुरू करा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, हेल्पलाइन 155388. निदानाआधी बाहेर केलेल्या तपासण्यांचे पैसे मात्र या योजनेतून सहसा परत मिळत नाहीत.

धर्मादाय न्यासाच्या मोठ्या हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून अर्ज रिपोर्टची वाट न पाहता करा.

कंपनीचा मेडिक्लेम असेल तर एचआरकडून पॉलिसीची प्रत घ्या. बऱ्याच पॉलिसींत ॲडमिट होण्याआधीच्या 30 दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. त्यामुळे प्रत्येक बिल, पावती, चिठ्ठी मूळ प्रतीत जपा. लक्षणं दिसल्यावर ती लपवून नवी पॉलिसी घेऊ नका, क्लेम नाकारला जातो आणि हप्ताही वाया जातो.

परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं तर उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सेकंड क्लासमध्ये 75 टक्के सवलत असते, सोबत्यालाही 75 टक्के; हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. मुंबईत महागडी खोली घेण्याआधी तिथे चौकशी करा.

सोनं गहाण टाकणं, सावकाराचे पैसे, गावाकडच्या औषधवाल्याला दिलेले दहा हजार, हे सगळं रिपोर्ट आणि लेखी एस्टिमेट हाती येईपर्यंत थांबू शकतं. न थांबणाऱ्या गोष्टी दोन. तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी आणि दारू आजपासून बंद. आणि श्वास घेताना घरघर आवाज येऊ लागला, दम लागला, तोंडातून रक्त आलं किंवा पाणीही गिळेना, तर रिपोर्टची वाट न पाहता 108 ला फोन करा. ती ॲम्ब्युलन्स मोफत आहे.

स्वतःकडेही बघा. ज्यांच्यावर घर चालतं त्यांच्या आवाजाची भीती मनात असताना मुलांचे डबे भरणं सोपं नाही. रडू येतं, चिडचिड होते, ते साहजिक आहे. टेलिमानसच्या 14416 वर मराठीत, फुकट, कधीही बोलता येतं. नातेवाइकांचे फोन एकाच माणसाकडे, दिराकडे किंवा बहिणीकडे, सोपवा. आणि रिपोर्ट मोबाईलवर आला तर रात्री एकट्याने उलगडत बसू नका. त्यात ‘ग्रेड टू’ लिहिलेलं असेल तर ती स्टेज नव्हे. स्टेज स्कॅन आणि तपासणी पाहून डॉक्टर ठरवतात. स्वरयंत्राचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात, आवाजही अनेकदा वाचतो.

रिपोर्ट घ्यायला दोघं मिळून जा आणि प्रश्न कागदावर लिहून न्या: ऑपरेशन की रेडिएशन, आवाजाचं काय, खाण्याची नळी लागेल का, एकूण खर्च किती. रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे, आठवड्याला पाच दिवस चालतं; खाजगीत दीड ते तीन लाख धरा, आणि चाकणहून रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. किडलेल्या दाढा रेडिएशनआधी काढाव्या लागतात आणि जखम भरायला दहा-पंधरा दिवस जातात, म्हणून वाट पाहण्याच्या आठवड्यातच दातांच्या डॉक्टरांकडे एक फेरी उरकून घ्या.